जाहीरनाम्यातली वाहतुकीची आश्वासनं कशी तपासावीत

आधी क्रियापदं पाहा. ‘बांधू’, ‘मंजुरी देऊ’ आणि ‘अभ्यास करू’ यांत कित्येक वर्षांचं अंतर असतं.

मग खर्चाच्या आकड्याकडे वळा. किती वर्षांचा? महागाई धरून? आधीच मंजूर झालेली कामं त्यात पुन्हा मोजली आहेत का? (बहुतेकदा असतात.) भूसंपादन आणि जलवाहिन्या, वीजतारा हलवण्याचा खर्च वगळला असेल, तर आकडा अपुरा आहे. अंदाज मुळातच आशावादी असतात. ब्रिटनच्या अर्थखात्याच्या मार्गदर्शिकेत नेहमीच्या स्थापत्यकामांचा सुरुवातीचा अंदाज ४४ टक्क्यांपर्यंत आणि वेगळ्या धाटणीच्या कामांचा ६६ टक्क्यांपर्यंत वाढवून धरायला सांगितलं होतं.

पैसा कुठून येणार, हा खरा प्रश्न. कर्ज आणि खासगी भागीदारी हे पैशाचे स्रोत नव्हेत, ते फक्त पैसे देण्याची वेळ पुढे ढकलतात. शेवटी भरतो तो करदाता, नाहीतर टोल-तिकीट देणारा प्रवासी. भागीदारीत सरकारचे हप्ते २५-३० वर्षं चालू शकतात, शिवाय वाहतूक अपेक्षेपेक्षा कमी झाली तर तोटा कोणी सोसायचा हे करारावर ठरतं. पक्ष त्याबद्दल गप्प असेल, तर तो तोटा तुमच्याच माथी येईल असं समजा.

उजवे खासगी गुंतवणुकीकडे, डावे सरकारी मालकीकडे झुकतात, हा ढोबळ नियम. मतदारसंघातल्या उड्डाणपुलापुढे तो टिकत नाही.

देखभालीची ओळ शेवटी शोधा. खड्डे बुजवण्याला फीत कापायची नसते, म्हणून कात्री आधी तिथेच लागते.