आभाळ भरलंय, माशांचं खाद्य आज थांबवा

श्रावणाची झड लागली की खानदेशातल्या शेततळ्यांवर दरवर्षी तोच प्रकार घडतो. तीन-चार दिवस सूर्य दिसत नाही, वारा पडलेला असतो आणि एका सकाळी पाण्यावर पांढरी पोटं तरंगताना दिसतात. त्यातही आधी मरतात ते मोठे मासे: पाऊण किलोचे, किलोचे, दिवाळीच्या आधी बाजारात जाणारे. बारकी पिल्लं बहुधा वाचतात. शेतकऱ्याला वाटतं, दावा साधायला कोणीतरी विष टाकलं. बहुतेक वेळा विष नसतंच. पाण्यातला प्राणवायू पहाटे संपलेला असतो आणि त्या वेळी तळ्यावर कोणी नसतं.

रावेर-यावलच्या केळीबागेतलं प्लॅस्टिक अस्तराचं तळं असो की नवापूरकडचा मातीचा तलाव, पहाटे चार ते सहा या वेळात पाणी बघा. बाकी सगळं नंतर.

दिवसा पाण्यातलं हिरवं शेवाळ उन्हावर प्राणवायू तयार करतं. रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाशी कुजणारं शेण व उरलेलं खाद्य, सगळे मिळून तो वापरतात. त्यामुळे सूर्य उगवण्याआधी तो सगळ्यात कमी असतो. आभाळ असलं की दिवसाची कमाईच होत नाही, रात्रीचा खर्च मात्र चालूच राहतो. त्यात आपलं पाणी कोमट. २० अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. माशाला ५ मिलिग्रॅमच्या वर हवा, ३ च्या खाली तो अडचणीत येतो. दुपारी कडक ऊन आणि संध्याकाळी जोराचा पाऊस, हा दिवस तर सगळ्यात घातकी: वरचं पाणी एकदम गार होऊन खाली जातं आणि तळाचं कुजकं पाणी वर येतं. त्या रात्री झोप मोडावी लागली तरी मोडा.

बघायचं काय? कटला मासा आधी वर येतो. तोंड पाण्याबाहेर काढून गटागटा हवा ओढतो, बाकीचे त्याच्या मागून येतात. काठावर टाळी वाजवा. मासे खाली गेले तर अजून वेळ आहे. टाळी वाजवूनही हलले नाहीत तर एक मिनिटही घालवू नका. गोगलगायी आणि झिंगे काठाला चिकटून बसलेले दिसले की मी तो इशाराच समजतो, हे कुठल्या पुस्तकात असो वा नसो. आणखी एक खूण: हात कोपरापर्यंत पाण्यात घाला. कोपर बुडायच्या आधीच तळवा दिसेनासा झाला, तर पाणी जास्त हिरवं आहे आणि पहाटेचा धोका मोठा आहे.

खाद्याबद्दल शासकीय शिफारस माशांच्या एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के अशी आहे. अर्ध्या किलोचे ५०० मासे असतील तर २ टक्क्यांनी दिवसाला ५ किलो. ती उघाडीच्या दिवसांसाठी ठीक आहे. माझा नियम वेगळा: ज्या दिवशी दुपारी अंगणात आपली सावली पडली नाही, त्या दिवशी खाद्य नाही. शेणखतही नाही. दोन-चार दिवस उपाशी राहून मासा मरत नाही. न खाल्लेली पेंड तळाशी कुजून त्याला मारते. "पैसे भरून आणलंय, वाया कशाला घालवू" म्हणून झडीतही पोती रिकामी करणारे शेतकरी मी बघितलेत, आणि त्यांचीच तळी आधी जातात.

मासा वर आला तर मोटार चालू करा. तळ्याचंच पाणी उपसून उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडा, पाईपच्या तोंडाला भोकं पाडलेला डबा बांधला तरी चालतं. बोअरचं पाणी सरळ पाईपने आत सोडू नका, त्यात प्राणवायू फार कमी असतो. ते दगडावर किंवा पत्र्यावर आपटून पडू द्या. शेतीच्या फिडरला, म्हणजे वीजवाहिनीला, फक्त दिवसा वीज असेल तर पहाटे मोटार चालणारच नाही. डिझेल पंप किंवा ट्रॅक्टरवरचा पंप आजच तळ्यावर आणून ठेवा, शेजाऱ्याचा असेल तर आजच सांगून ठेवा. ऊन चांगलं वर येईपर्यंत पाणी फिरतं ठेवा.

दुकानदार या दिवसांत तीन वस्तू हमखास गळ्यात मारतात: प्राणवायूच्या गोळ्या, तळाचा वायू शोषणारी पावडर आणि जिवाणूंची बाटली. गोळ्यांनी घटकाभर आधार मिळतो, पंपाचं काम त्या करत नाहीत. बाटली तर गुळाच्या पाण्यात मिसळून टाकायला सांगतात. झडीत हे करूच नका! गूळ खाऊन वाढणारे जिवाणूही प्राणवायूच वापरतात, म्हणजे पहाटेची तूट आणखी वाढते. ते पैसे डिझेलला ठेवा.

प्लॅस्टिकचं अस्तर ओलं असलं की पाय ठरत नाही. पहाटे एकट्याने जाऊ नका. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम बांधलेली असू द्या. ओल्या हाताने स्टार्टरला हात लावू नका.

बाकीची कामं, उघडीप मिळेल तशी:

- बीज सोडलं नसेल तर ७५ ते १०० मिलिमीटरची बोटुकलीच (बोटाएवढी पिल्लं) घ्या, जिरे (अगदी बारीक पिल्लं) नको.
- १० गुंठ्याला ५०० ते १००० नग. कटला ४, रोहू ३, मृगळ ३ या प्रमाणात.
- पिशवी पंधरा-वीस मिनिटं तळ्यात तरंगत ठेवून मग सोडा.
- पाण्याचा सामू (पीएच) ७.५ च्या खाली असेल तरच चुना: १० गुंठ्याला २० किलो, रात्री भिजवून, पूर्ण गार झाल्यावर.
- खाद्य: भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा समान.
- सांडव्याला जाळी.
- थाई मांगूर नको, त्याला देशात बंदी आहे.

कपाशीवरच्या फवारणीचं मात्र यादीत टाकून भागणार नाही. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं अगदी थोडी असली तरी माशाला मारतात. फवारणीचा पंप तळ्यात धुवू नका आणि शेतातलं वाहतं पाणी तळ्यात येऊ देऊ नका. विषाची ओळखही सोपी आहे: त्यात लहान मासे आधी मरतात, आणि दिवसा कुठल्याही वेळी.

एवढं कळकळीने सांगतोय, कारण एका तळ्याचं नुकसान एका घरापुरतं राहत नाही. अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ साली जगात पाळलेल्या मासे-झिंग्यांचं उत्पादन ९ कोटी ४४ लाख टन झालं आणि ते पहिल्यांदाच नदी-समुद्रातल्या पकडीच्या पुढे गेलं. मासे पकडणं आणि पाळणं या कामांवर त्या वर्षी ६ कोटी १८ लाख लोक होते, त्यातले बहुतेक आशियातले. आपला देश मत्स्यपालनात चीनच्या खालोखाल आहे. आपल्याकडे हा आकडा नंदुरबारच्या आठवडे बाजारात दिसतो: पाटीत मासळी घेऊन बसलेली बाई, तापीकाठचे भोई आणि कोळी, जाळी विणणारे, बर्फवाला. सातपुड्याच्या पायथ्याशी लेकरांच्या कुपोषणाचा प्रश्न अजून सुटलेला नाही, तिथे ताजा मासा ताटात पडणं मोठी गोष्ट आहे. बारकी मासळी काट्यासकट खाल्ली तर अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम भरपूर मिळतं. याच कामासाठी शकुंतला थिलस्टेड यांना २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

महाराष्ट्राने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. मत्स्यपालकाला किसान क्रेडिट कार्डही मिळतं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांचं कार्यालय आहे. मासे मेले तर पंचनाम्यासाठी त्याच दिवशी कळवा, फोटो काढा, मेलेले मासे लगेच बाहेर काढून चुना टाकून पुरा. तळ्यात राहू दिले तर तेही कुजून उरलेल्यांचा प्राणवायू खातील. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला पुन्हा तळ्यावर जा, कारण पहिल्या रात्री वाचलेले मासे दुसऱ्या रात्री मरू शकतात.