वायफाय फोनवर कॉल तुटतोय? सुरक्षेच्या सेटिंगमधल्या या चुका टाळा

वायफाय फोनच्या माहितीपत्रकात सगळं असतं: डब्ल्यूपीए३ (वायफायची नवी सुरक्षा), ८०२.१एक्स (प्रत्येक फोनची ओळख तपासून नेटवर्कवर घेणं), ८०२.११आर (वायफाय देणारा ॲक्सेस पॉइंट झटपट बदलणं), एसआयपी (कॉल जोडणारे संदेश), एसआरटीपी (एन्क्रिप्ट केलेला आवाज). ते वाचून हँडसेट घेतले जातात आणि आठवड्याभरात तक्रार येते, ‘चालताना आवाज जातो.’ माहितीपत्रकातल्या ‘सपोर्ट’चा अर्थ फोनला ती गोष्ट येते, एवढाच. आपल्या नेटवर्कवर ती खरंच चालू आहे का, हे चालत्या कॉलवरच कळतं.

एका इमारतीत मी अशी चाचणी घेतली. सहकारी फोन कानाला लावून मोठ्याने आकडे मोजत कॉरिडॉरमधून चालला होता, मी दुसऱ्या टोकाला ऐकत होतो. ‘सतरा’नंतर थेट ‘एकोणीस’ आलं. फोनची ओळख तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरचा लॉग उघडला, तर नेमकं त्याच क्षणी त्या फोनचं पूर्ण ऑथेंटिकेशन झालेलं. आवाजाचं पॅकेट साधारण दर २० मिलिसेकंदांनी निघतं, म्हणजे सेकंदाला ५०. ॲक्सेस पॉइंट बदलताना ओळख पटवण्यात एक सेकंद गेला की तेवढी सगळी पॅकेट गेली. फोनला ८०२.११आर येत होतं, एसएसआयडीवर (वायफायच्या नावावर) मात्र ते बंद होतं.

ते चालू करा, पण आंधळेपणाने नको. काही जुने हँडसेट ८०२.११आर चालू असलेल्या एसएसआयडीला जोडलेच जात नाहीत. आधी प्रत्येक मॉडेलचा एकेक फोन जोडून पाहा. अडला तर त्यांच्यासाठी वेगळा एसएसआयडी ठेवा किंवा फोन आणि नेटवर्क दोन्हीकडे जमत असेल तर ओकेसी (एकदा पटलेली ओळख पुढच्या ॲक्सेस पॉइंटवरही चालवणं) वापरा. डब्ल्यूपीए३ बरोबर येणाऱ्या पीएमएफचंही (वायफायच्या व्यवस्थापन संदेशांचं संरक्षण) तसंच आहे: ते थेट सक्तीचं केलं तर जुने फोन बाहेर राहतात.

इथे बरेच जण कंटाळून सगळ्या फोनना एकच सामायिक पासवर्ड देतात. रोमिंग सुधारतं, हे खरं. पण एक हँडसेट हरवला की प्रत्येक फोनवर पासवर्ड बदलावा लागतो, आणि तो कुणी बदलत नाही. ही पळवाट मला अजिबात मान्य नाही.

दुसरी मोठी चूक एसआरटीपीची. ते चालू केलं म्हणजे संभाषण सुरक्षित झालं, असं समजलं जातं. एसडीईएस पद्धतीत एसआरटीपीची किल्ली एसआयपी संदेशातूनच जाते. एसआयपी साध्या, एन्क्रिप्शन नसलेल्या यूडीपीवर, ५०६० पोर्टवरून जात असेल, तर दाराला कुलूप लावून किल्ली तिथेच टांगल्यासारखं आहे. ‘पण वायफाय एन्क्रिप्टेड आहे ना?’ असं विचारतात. ते एन्क्रिप्शन ॲक्सेस पॉइंट किंवा कंट्रोलरपाशी संपतं, पुढे स्विचमधून किल्ली उघडीच जाते. त्यामुळे एसआयपी टीएलएसवर (एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीवर) न्या, सहसा ५०६१ पोर्ट. त्यानंतर कॉल लागताना ४८८ (‘हे स्वीकारता येत नाही’) उत्तर आलं, तर बहुधा एका बाजूला एसआरटीपी सक्तीचं आहे आणि दुसरीला ते येत नाही. ती बाजू शोधून दुरुस्त करा, सगळीकडे एसआरटीपी बंद करून मोकळे होऊ नका.

पीईएपी (युजर नाव आणि पासवर्डने होणारं ८०२.१एक्स लॉगिन) वापरत असाल तर सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासण्याची खूण काढू नका. ती काढली की त्याच नावाचा खोटा ॲक्सेस पॉइंट फोनची लॉगिन देवघेव पकडू शकतो. सगळ्या फोनना एकच युजर खातंही नको: त्या खात्याचा पासवर्ड मुदत संपून बंद पडला, की एका सकाळी सगळे फोन एकदम मुके होतात.

आणि बॅटरी बदलल्यावर फोन जोडला जात नसेल, तर आधी तारीख पाहा. घड्याळ जुन्या वर्षात गेलं असेल तर चांगलं सर्टिफिकेटही फोनला ‘अजून लागू नाही’ असं दिसतं. वेळ एनटीपीकडून (नेटवर्कवरच्या वेळेच्या सर्व्हरकडून) मिळते आणि एनटीपीसाठी आधी नेटवर्क लागतं, म्हणून अशा फोनसाठी मी फक्त एनटीपी आणि कॉन्फिगरेशन सर्व्हरपर्यंत जाणारा एक छोटा, बंदिस्त एसएसआयडी ठेवतो.