दोन संख्यांचे सामाईक विभाज्य किती, ते यादी न करता मोजा

इंदूरच्या मराठी घरांत एक घोळ नेहमीचा. आजोबा ‘लसावि (लघुतम सामाईक विभाज्य) काढ’ म्हणतात, आणि हिंदी माध्यमातला नातू बघत राहतो, कारण त्याच्या पुस्तकात तोच ‘लघुत्तम समापवर्त्य’ असतो. विभाज्य म्हणजे त्याचा ‘गुणज’. एवढं जुळलं की पुढचं गणित दोन भागाकारांचं आहे.

200 ते 500 मध्ये 12 आणि 18 या दोन्हींनी भाग जाणाऱ्या संख्या किती? लसावि 36. दोघांचा प्रत्येक सामाईक विभाज्य हा 36 च्याच पाढ्यात असतो, म्हणून फक्त 36 चे विभाज्य मोजायचे. 500 ला 36 ने भागा: भागाकार 13, बाकी सोडून द्या. मग 199 ला भागा: 5. 13 वजा 5, उत्तर 8. पडताळा हवा असेल तर पहिली 216, शेवटची 468.

13.88 दिसलं म्हणून 14 धरू नका. 36 चौदे 504, म्हणजे हद्दीबाहेर.

200 ऐवजी 199 का, इथेच बहुतेकांचं चुकतं. वजा करायचे ते सुरुवातीच्या आधीचे विभाज्य. इथे 200 ला भागलं तरी 5 च येतात, म्हणून चूक लपते. पण प्रश्न ‘216 ते 468’ असा आला की 13 वजा 6 करून 7 येतात आणि 216 गळते. 215 घ्या, बरोबर 8 येतील. टोकं धरायचीच नसतील, तर 467 चे 12 वजा 216 चे 6, उत्तर 6. इंदुरात भंवरकुआँ भागातल्या क्लासला जाणाऱ्यांनी प्रश्नातलं ‘के बीच’ आणि ‘से तक’ दोनदा वाचावं. आणि सुरुवात 0 पासून असेल तर एक वाढवा, शून्यही विभाज्यच.

दुसरी चूक म्हणजे सरळ गुणाकार. 12 गुणिले 18 म्हणजे 216. तो धरला तर आठांऐवजी दोनच सापडतात. शेजारच्या उज्जैनचा सिंहस्थ कुंभमेळा घ्या: 2004, 2016, 2028. तिन्ही वर्षांना 12 ने भाग जातो, आणि 12 मध्ये 4 आहेच, म्हणून तिन्ही लीप वर्षं. 4 आणि 12 चा लसावि 12, 48 नव्हे. (सिंहस्थ गुरू ग्रह सिंह राशीत असताना भरतो, आणि गुरूची सूर्याभोवतीची फेरी नेमकी 12 वर्षांची नसते, 11.86 ची असते. तेव्हा ही मालिका शतकानुशतकं ताणू नका.)

तीन संख्या असल्या, समजा 8, 12, 15, तर उभ्या मांडणीत 2 ने 15 ला भाग जात नाही म्हणून थांबू नका. कोणत्याही दोघींना भाग जातोय तोवर भागत राहा, तिसरी तशीच खाली उतरवा. 2, 2, 3, आणि खाली उरले 2, 1, 5. या सगळ्यांचा गुणाकार म्हणजे लसावि 120, आणि 1 ते 1000 मध्ये असे विभाज्य 8.

‘12 किंवा 18 ने’ असं विचारलं, तर 200 ते 500 मध्ये 12 चे 25, 18 चे 16, आणि दोन्हीकडे मोजले गेलेले 8 एकदा वजा: 33.