फझी लॉजिक वहीवर कसं मांडायचं, आयर्विन पुलाचं पाणी घेऊन

फझी लॉजिक म्हणजे एखादं विधान किती प्रमाणात खरं आहे ते ० ते १ मध्ये मोजणारं लॉजिक. सांगलीकराला यासाठी उदाहरण शोधत लांब जायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पुराची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, एवढं घ्या आणि वही उघडा.

आधी क्लासिकल लॉजिक, अ‍ॅरिस्टॉटलपासून चालत आलेलं. त्यात विधान एकतर खरं नाहीतर खोटं, १ किंवा ०, मधलं काही नाही. म्हणजे ४५ फुटाला धोका १ आणि ४४ फूट ११ इंचाला ०. पुराचं पाणी शिरतं त्या सूर्यवंशी प्लॉटातल्या कुणाला हे सांगून बघा, काय ऐकायला मिळतं ते!

१९६५ मध्ये लोत्फी झादेह यांनी फझी सेट, म्हणजे ज्यात गोष्ट काही अंशीही बसू शकते असा गट, मांडला, त्यात ० ते १ मधली कुठलीही किंमत चालते. आपण ४० ला ०, ४५ ला १ धरू आणि मध्ये सरळ रेष मारू, म्हणजे ४२ फुटाला धोका ०.४ येतो. रेष सरळच का, तर ते आपण ठरवायचं, आणि माझ्या मते खरी अक्कल इथेच लागते, पुढचं नुसतं गणित आहे.

'नाही' काढायचं तर १ मधून वजा करा, ०.६. 'आणि'ला दोनातली लहान किंमत, 'किंवा'ला मोठी. आता गंमत बघा, 'धोका आहे किंवा नाही' हे क्लासिकलमध्ये कायम १, इथे ०.६ च येतं, आणि 'धोका आहे आणि नाही' हे ० यायला पाहिजे ते ०.४ येतं. क्लासिकलचे दोन मोठे नियम इथे गेले, पण डी मॉर्गनचे नियम ('आणि'चा नकार म्हणजे दोन नकारांचा 'किंवा', आणि तसंच उलट) मात्र जसेच्या तसे टिकतात, आणि किंमती फक्त ० आणि १ ठेवल्या की सगळं जुनं लॉजिक परत मिळतं.

एक घोळ सगळेच करतात, ०.४ म्हणजे ४० टक्के शक्यता नव्हे हो. पाणी ४२ फूट आहे हे पक्कं माहितीये, त्यात शक्यता कसली, ते 'धोकादायक' या शब्दात किती बसतं एवढाच प्रश्न आहे.

आता कोयनेचा विसर्ग जोडा, २०,००० क्युसेकला ० आणि १,००,००० ला १ धरून (हे आकडे सरावापुरते, सरकारी नव्हेत). 'आणि'साठी लहान किंमतीऐवजी गुणाकारही चालतो, तोही फझी लॉजिकच्या नियमात बसतो. ४३ फूट आणि ८०,००० क्युसेक घेऊन करून बघा, ०.६ आणि ०.७५ मिळतील, लहान किंमत घेतली तर उत्तर ०.६, गुणाकार केला तर ०.४५.