मुक्या माराचा काळानिळा डाग: शेवटी आंबेहळदीने उतार पडला

टेबलाचा कोपरा मांडीत बसला. कातडी शाबूत, पण डाग काळानिळा आणि हात लावला की ठणका. बाम चोळला, तेलाने मालिश केली, दुखणं वाढलंच. वैताग आला.

गुण आला तो असा: आधी दोन दिवस फक्त गार शेक. बर्फ फडक्यात गुंडाळून 10-15 मिनिटं, पाय उशीवर. चोळणं बंद, कारण आतल्या फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या दुखावतात. सूज थांबल्यावरच आंबेहळद सहाणेवर उगाळून, कोमट करून पातळ लेप. वाळून कातडी ओढायला लागली की भिजवून काढायचा, खरवडायचा नाही. डाग हिरवट, मग पिवळा झाला. रक्त जिरतंय याचीच ती खूण.

उघड्या जखमेवर लेप नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा सूज वाढतच असेल, तर थेट डॉक्टर.