एकआसनी हलके विमान बांधताना : आधी भोक, मग तोल

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एखाद्या गाळ्यात अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, कापड आणि लहान टू-स्ट्रोक इंजिन यांपासून एका माणसाचे विमान बांधता येते. मात्र आराखडा उडून सिद्ध झालेलाच विकत घ्यावा. पुष्कळ आराखडे अमेरिकेतील १९८२ च्या नियमांना धरून असतात : रिकामे वजन २५४ पौंडांच्या आत, म्हणजे सुमारे ११५ किलो, आणि इंधन जास्तीत जास्त १९ लिटर. तिकडे अशा विमानाला नोंदणी लागत नाही, हे वाचून इकडचे हौशी लोक हुरळून जातात. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी लागते, म्हणून तो पत्रव्यवहार नळ्या आणण्याआधीच सुरू करावा. पंख सुटे होणारे निवडावेत, कारण मुंबई आणि नवी मुंबई या दोन विमानतळांच्या मध्ये उडण्याचा विचारही करू नये. विमान ट्रकनेच बाहेर न्यावे लागेल.

सांगाड्याला ६०६१-टी६ या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची नळी चालते. गोल नळीला आरपार सरळ भोक पाडणे हे यातले सर्वांत फसवे काम आहे. नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून टोके जुळतात तिथे कापावी, बरोबर मध्ये दुमडावी आणि पुन्हा गुंडाळावी; जोड आणि घडी नेमक्या समोरासमोर येतात. दोन्ही ठिकाणी सेंटर पंचने टिंब मारून दोन्ही बाजूंनी लहान ड्रिल चालवावे आणि शेवटचे माप रीमरने, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने, आरपार काढावे. मी पहिली नळी एकाच बाजूने पाडत गेलो, पलीकडचे भोक दोन मिलिमीटर सरकले आणि नळी भंगारात गेली. खाडीच्या खाऱ्या हवेत पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम जिथे टेकतात तिथे गंज लवकर धरतो, त्यामुळे बोल्ट कॅडमियमचा मुलामा दिलेलेच घ्यावेत आणि भोकात प्रायमर लावावा.

सांगाडा उभा राहिला की तोल काढावा. इंधन भरून, वैमानिकाला आसनावर बसवून विमान समतल ठेवावे, प्रत्येक चाकाखाली वजनकाटा सरकवावा आणि पंखाच्या पुढच्या कडेपासूनची अंतरे ओळंबा सोडून जमिनीवर आखावीत. समजा, पुढचे चाक कडेच्या १२० सेंटीमीटर पुढे असून त्यावर ३० किलो आहेत आणि मागची दोन चाके ६० सेंटीमीटर मागे असून त्यांवर मिळून १७० किलो आहेत. १७० गुणिले ६० म्हणजे १०,२००. त्यातून ३० गुणिले १२०, म्हणजे ३,६०० वजा केले की ६,६०० उरतात. त्यांना एकूण २०० किलोंनी भागल्यावर गुरुत्वमध्य, म्हणजे विमानाचे सारे वजन जिथे तोलले जाते तो बिंदू, कडेच्या ३३ सेंटीमीटर मागे येतो. पंखाची रुंदी १४० सेंटीमीटर आणि आराखड्यातील मर्यादा २० ते ३० टक्के, म्हणजे २८ ते ४२ सेंटीमीटर, असेल तर हा तोल योग्य आहे. गुरुत्वमध्य मर्यादेच्या मागे गेला तर स्टॉलमधून, म्हणजे नाक फार वर जाऊन पंखांची उचल तुटते त्या स्थितीतून, नाक खाली आणणे अशक्य होऊ शकते. अशा वेळी नाकात शिसे भरण्याआधी बॅटरी पुढे सरकवून पाहावी.

कापडाला रंग दिल्यावर पुन्हा तोलावे. तीन मीटर मागच्या शेपटीवर रंगाचा एक किलो चढला, तरी गुरुत्वमध्य सव्वा सेंटीमीटरहून अधिक मागे सरकतो.