आतड्याचा जुनाट आजार आणि बाळंतपणाची आखणी

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्याला सतत सूज आणणारे आजार) असेल, तर तयारी दिवस राहण्याआधीच सुरू करा. स्टेरॉइडशिवाय आजार किमान 3 ते 6 महिने शांत हवा. मेथोट्रेक्सेट निदान 3 महिने आधी बंद. सल्फासॅलाझिन चालू असेल तर फॉलिक अ‍ॅसिडचा डोस वाढवून घ्या. बाकीची औषधं मात्र मनानं थांबवू नका. घरचे सांगतील, पण बाळाला जास्त धोका भडकलेल्या आजाराचा असतो.

प्रसूती कशी, हे आजाराच्या नावावरून ठरत नाही. गुदद्वाराशी फिस्टुला (आतड्यापासून कातडीपर्यंत पडलेली वाहती वाट) किंवा गळू वाहत असेल तर सिझेरियनच बरं, कारण तिथली जखम लवकर भरत नाही. म्हणून 34 ते 36 व्या आठवड्यात ती जागा तपासून घ्या. तशी तक्रार नसेल तर नैसर्गिक प्रसूती सहसा होते. पाउच (मोठं आतडं काढल्यावर लहान आतड्यापासून बनवलेली आतली पिशवी) असेल तर सर्जनचं मत आधी घ्या. गुदद्वाराच्या स्नायूला इजा झाली की शौचावरचा ताबा जाऊ शकतो. स्टोमा (शौचासाठी पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) असेल तर पोटाबरोबर त्याचा आकार बदलतो, तेव्हा पिशवीचं भोक दर वेळी मापून कापा, नाहीतर गळून कातडी सोलवटते.

प्रसूतीच्या फाइलवर पहिल्याच पानावर लिहा: बायोलॉजिकच्या (इन्फ्लिक्सिमॅबसारख्या, जिवंत पेशींपासून बनवलेल्या औषधाच्या) शेवटच्या डोसची तारीख, दुखण्यावर डायक्लोफिनॅकऐवजी पॅरासिटामॉल, रक्ताच्या गुठळ्या टाळायला हेपरिन लागेल का. इन्फ्लिक्सिमॅब किंवा अ‍ॅडालिमुमॅब शेवटच्या तिमाहीत घेतलं असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बाळाला बीसीजी देऊ नका.